राजाभाऊ बसत नाहीत

राजाभाऊ विलणकरांना बसता येत होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या मे महिन्यात मांडवीत त्यांच्या बसण्यावरून जे काही बोललं गेलं त्यातल्या निम्म्या थापा होत्या आणि उरलेलं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. बसता त्यांना उत्तम येत होतं. पंचाईत व्हायची ती उठताना.

माणूस एकदा जमिनीवर टेकला की त्याला परत वर आणायचं काम गुडघ्यांचं, आणि राजाभाऊंच्या गुडघ्यांनी अलीकडे कामात चालढकल सुरू केली होती. उठायचे ते, पण सावकाश, टप्प्याटप्प्याने, आणि तोंडाने असे काही आवाज काढत की शेजारचा कुत्रा उत्तर द्यायचा. एकट्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा संदेश विरारला, घरात बघायला कोण? पंच्याहत्तरी ओलांडली तरी राजाभाऊ रोज समुद्रावर फेरी मारत, बाजार करत, स्वतःची आमटी स्वतः बिघडवत आणि स्वतःच मुकाट्याने खात. उठायला वेळ लागला तर लागला. घाई कुणाला होती?

घाई संदेशला होती. मे महिन्याच्या सुट्टीत तो बायकोला, मनस्वीला, घेऊन नव्या गाडीतून दारात उतरला, तेव्हा राजाभाऊ अंगणात पोत्यावर बसून कोकमासाठी रातांबे फोडत होते. हात लाल, धोतर लाल, कपाळावरही लाल. मुलाची गाडी बघून ते हरखले आणि उठायला लागले. एक हात जमिनीवर, एक खांबाला, तोंडाने "आई आई गो". एवढ्यात संदेश धावत आला, मागून त्यांच्या बगलेत हात घातले आणि सिमेंटची गोणी उचलावी तसं त्यांना उचलून उभं केलं. वर विचारलं, "रक्त कुठून येतंय?"

"रातांब्याचं आहे ते, मेल्या."

"बस झालं आता, बाबा. तुम्हाला बसलं की उठता येत नाही. उद्या पडलात तर कोणाला कळणार? घराला कुलूप लावू, विरारला चला."

विरार म्हटलं की राजाभाऊ विषय बदलायचे. आदल्या वर्षी पावसाळ्यात ते तिथे राहून आले होते. इतक्या वरचा मजला की खालची माणसं ओळखू येत नाहीत. लोक वाईट नव्हते, उलट फार चांगले होते, आणि तीच तर भानगड होती. चहा करायला उठले की सून म्हणायची, "बाबा, तुम्ही बसा." कपडे वाळत घालायला गेले की संदेश म्हणायचा, "बाबा, बसा तुम्ही." शेजारी आले की तेही म्हणायचे, "काका, आता नुसतं बसायचं." राजाभाऊ आज्ञाधारकपणे बसले. परत आले तेव्हा मांडवीची साधी चढण चढताना धाप लागली आणि मधेच एका दगडी गडग्याला टेकावं लागलं. त्या दिवशी त्यांना भीती वाटली, खरीखुरी, अंगावर काटा आणणारी भीती, की पुन्हा तिथे जाऊन बसलो तर आपण काही उठत नाही.

हे सगळं मुलाला नीट समजावून सांगता आलं असतं. पण विलणकरांच्या घरात नीट सांगायची पद्धत नव्हती. राजाभाऊ म्हणाले, "बसलं की उठता येत नाही ना? मग बसणारच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बसलोच नाही तर उठायचा प्रश्नच कुठे येतो? जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. अख्खी नोकरी उभ्याने झाली माझी. तुला माहीत नाही?"

संदेशही त्यांचाच मुलगा. तो म्हणाला, "ठीक आहे. माझी सुट्टी संपेपर्यंत मला एकदा जरी बसलेले दिसलात, तर सामान बांधायचं आणि विरार. कबूल?"

"आणि नाही दिसलो तर?"

"तर पुन्हा विषय काढणार नाही."

"कबूल," राजाभाऊ म्हणाले. मनस्वीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि बॅगा घेऊन आत गेली.

पहिला वाद रात्रीच झाला. झोपायला आडवं व्हायचं तर आधी बसावं लागतं, असं संदेशचं म्हणणं. राजाभाऊंनी परसातले चिरे आणून खाटेच्या पायांखाली लावले. खाट कमरेएवढी उंच झाली. मग ते खाटेकडे पाठ करून उभे राहिले, "जय देवी" म्हणाले आणि तोडलेल्या माडासारखे मागच्या मागे पडले. सकाळी कुशीवर लोळत कडेला आले, पाय खाली सोडले आणि थेट उभे. मधे बसणं कुठेच नाही. संदेशने दारातून हे सगळं बघितलं आणि त्याला हरकत घ्यायला जागा मिळाली नाही.

आणखी एका खोलीचा प्रश्न होता. पण त्या खोलीचं दार आतून लागतं आणि अट दिसण्याची होती, तेव्हा तो विषय दोन्ही पक्षांनी सभ्यपणे सोडून दिला. तेवढा अपवाद सोडला तर राजाभाऊंनी लबाडी केली नाही. संदेश आंघोळीला गेला की टेकावं एखाद्या खुर्चीला, असं त्यांच्या मनातही आलं नाही. कंडक्टरकीत पैशाचा घोळ कधी केला नव्हता, तो आता बसण्याचा कशाला करतील?

जेवण खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून व्हायचं. वर्तमानपत्र भिंतीवर खिळ्याला लावून वाचायचे. रातांबे फोडायला त्यांनी बाकडं ओढलं आणि त्यावर पाट आणि पाटावर परात अशी उतरंड रचली. संध्याकाळी समुद्राच्या कट्ट्यावर त्यांच्या वयाची मंडळी रांगेने बसायची, तिथे राजाभाऊ त्यांच्यासमोर उभे राहून गप्पा मारू लागले. समोर कुणीतरी सतत उभं आहे म्हटल्यावर कट्ट्यावरच्यांना समुद्र दिसेना.

"बसा ना हो," ते म्हणत.

"नको. उभाच बरा."

"का हो, दुखतंय काय?"

आता काय सांगायचं? पैज सांगायची तर गुडघ्याचं सांगावं लागलं असतं, आणि बसलं की आपल्याला उठवत नाही हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा राजाभाऊंनी समुद्रात चालत जाणं पत्करलं असतं. ते नुसते "आहे जरा" म्हणाले. एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई मासे घेऊन दारात आली. टोपली उतरवली, बांगडे दाखवले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, लाजायचं नाय. माझ्या नवऱ्याला पण झालेला."

"काय झालेला?"

"मूळव्याध." आणि तिने माशांच्या खालून कागदात गुंडाळलेला सुरणाचा गड्डा काढून त्यांच्या हातात दिला. "हे शिजवून खा. मिरची बंद. आणि मऊ उशी घ्या बसायला."

राजाभाऊंचा चेहरा रातांब्यासारखा झाला. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न आलाच, मग बसत का नाही? त्यांनी गड्डा घेतला. आयुष्यात न झालेला आजार त्यांनी अशा रीतीने अंगणात उभं राहून, सही न करता स्वीकारला.

मग काय विचारता! आठवड्याभरात घरात सुरणाचा ढीग लागला. कुणी ताक पाठवलं, कुणी पावस गावाहून कुठल्याशा वैद्याचं चूर्ण आणलं. मारुतीच्या देवळात गुरवाने गाऱ्हाण्यात त्यांचा "खालचा त्रास" घातला आणि सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. बाळा न्हाव्याने तर कमालच केली. राजाभाऊ उभ्यानेच केस कापणार म्हटल्यावर तो सरळ स्टुलावर चढला आणि वरून कापू लागला. कापता कापता कनवाळूपणे म्हणाला, "भाऊ, हल्ली लेझरने होतं." राजाभाऊ दचकले, एक कल्ला वर गेला. मनस्वी रोज सुरणाची भाजी, सुरणाचे काप, सुरणाची वडी करत होती आणि कुणाच्याही नकळत ओट्याशी वळून हसत होती.

संदेश मात्र हसत नव्हता. सुट्टी संपायला आली होती आणि म्हातारा हरायचं नाव घेत नव्हता. पाय सुजले होते, हे त्याला दिसत होतं. रात्री खाटेवर पडताना "जय देवी"चा आवाज बारीक होत चालला होता, हेही ऐकू येत होतं. पण पैज मोडा असं आधी कुणी म्हणायचं?

अशात खेडहून फोन आला. काशीरामच्या सुनेचा, हौसाचा. काशीराम म्हणजे राजाभाऊंचा ड्रायव्हर. एका गाडीवर दोघांनी वर्षानुवर्षं काढली होती, एकाने बसून, एकाने उभ्याने. हौसा म्हणाली, "मामंजी पडले होते. आता उठत नायत. सारखं तुमचं नाव घेतायत. येऊन जा, काका."

राजाभाऊंनी लगेच टोपी घातली. संदेशने गाडीची किल्ली काढली आणि काढता काढता त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "चला बाबा. गाडीने जाऊ."

राजाभाऊंनी गाडीकडे बघितलं. गाडीला छप्पर होतं आणि छप्पर खाली होतं. "मी एसटीने जाणार," ते म्हणाले.

"खेडपर्यंत? उभ्याने?"

"पूर्वी दिवसातून जाऊन परत यायचो."

"मग मीपण एसटीने येणार. डोळ्यांनी बघायला."

"ये," राजाभाऊ म्हणाले. मनस्वी म्हणाली, तुम्हा दोघांचंही डोकं फिरलंय, मी घरी बसते. आणि खरोखरच आरामखुर्चीत पाय पसरून बसली.

स्टँडवर गाडी अर्धी रिकामी होती. कंडक्टर एक तरतरीत मुलगी होती. तिने राजाभाऊंचं कार्ड बघितलं, तिकीट फुकट असल्याचं सांगितलं आणि म्हणाली, "आजोबा, बसून घ्या."

"उभाच बरा मी, बाळ."

"सीट रिकामी आहे ना. घाटात पडलात तर माझ्या गळ्यात येईल. तुम्ही बसल्याशिवाय मी बेल देणार नाही."

तिचं अगदी बरोबर होतं. राजाभाऊंनी स्वतः हे वाक्य हजार प्रवाशांना ऐकवलं असेल. गाडी जागची हलेना, ड्रायव्हर मागे वळून बघू लागला, प्रवासी एका सुरात "बसा हो आजोबा, बसा" म्हणू लागले. एका बाईने तर उठून त्यांना खांद्याला धरून खाली दाबायला सुरुवात केली. राजाभाऊ दांड्याला लोंबकळून राहिले. त्यांनी संदेशकडे बघितलं. पैज आता इथेच, स्टँडच्या आवारात, बाईच्या हाताने संपणार होती आणि संदेशला काहीही न करता जिंकता येणार होतं.

"अहो, सोडा त्यांना!" संदेश ओरडला. "मूळव्याध आहे त्यांना!"

बाईने हात काढला. कंडक्टर मुलगी लाजून दुसरीकडे बघत बेल देती झाली. मागच्या सीटवरून कुणीतरी हळूच विचारलं, "सुरण खाऊन बघितलात काय?"

संगमेश्वरपर्यंत राजाभाऊ ऐटीत होते. मांडी सीटला टेकवायची, अंगठे जमिनीत रोवायचे, वळण आलं की आधीच कलायचं, अंगात सगळं होतं तसंच होतं. सावर्ड्यापासून गुडघे बोलायला लागले. चिपळूण सोडलं तेव्हा त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. संदेश इतका वेळ खिडकीशी बसून मोबाइल बघण्याचं नाटक करत होता, तो उठला आणि बापाच्या मागे येऊन उभा राहिला. परशुराम घाटात प्रत्येक वळणाला तो कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून, आत्ता पडतील का मग पडतील अशा बेताने डोलत होता. राजाभाऊ पडले नाहीत. संदेशच्या पाठीतून मात्र लोट्याच्या उतारावर एक कळ निघाली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

काशीरामचं घर जगबुडी नदीच्या बाजूला, स्टँडपासून चालण्यासारखं. रिक्षाचा प्रश्न आला नाही ते बरं झालं. हौसाने दार उघडलं, पाणी दिलं. "बसा. मी बाजारातून मासळी घेऊन आलेच," असं म्हणून पिशवी घेऊन ती बाहेर पडली.

काशीराम खाली जमिनीवर गादीवर आडवा होता. खाट भिंतीशी रिकामी उभी केलेली. खाटेवरून पडला म्हणून गादीच खाली घातली, आता पडायला जागाच नाही, असा मुलाचा हिशेब. हिशेब चुकलेला नव्हता. काशीराम त्यानंतर पडला नव्हता, कारण तो उठलाच नव्हता.

"कोण हाय?"

"मी. राजा."

"आरं राजा! ये की. बस."

"उभाच बरा हाय मी."

"आरं पण मला तुझे गुडघेच दिसतात. गुडघ्यांशी काय बोलू मी?"

राजाभाऊ पुढे वाकले. डोक्यात रक्त उतरलं, टोपी काशीरामच्या पोटावर पडली, आणि ते भिंत धरून सरळ झाले. मग त्यांना युक्ती सुचली. खिळ्यावरचा आरसा काढून त्यांनी तो तिरका धरला, म्हणजे पडल्या पडल्या काशीरामला आरशात त्यांचं तोंड दिसेल. काशीरामने बराच वेळ आरशात बघितलं.

"आता काय दिसतं?" राजाभाऊंनी विचारलं.

"तुझ्या नाकातले केस." काशीराम हसला, खोकला, आणि मग हसणं संपलं. "राजा, सगळी वरनं बोलतात रं माझ्याशी. डॉक्टर वरनं, मुलगा वरनं, हौसा पण वरनं. तू तरी खाली ये. वाईच बस."

राजाभाऊंनी आरसा भिंतीला टेकवला. दारात संदेश उभा होता, कमरेवर हात ठेवून. सुट्टी उद्या संपत होती. एवढा दिवस काढला की मांडवीचं घर, समुद्र, परसातले रातांबे, बिघडलेली आमटी, सगळं त्यांचंच राहणार होतं. त्यांनी संदेशकडे बघितलं, काशीरामकडे बघितलं, आणि धोतर सावरून खाली बसले. हाडं कडकडली. पायांतून इतकं सुख वर आलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आता दिसलास," काशीराम म्हणाला. "म्हातारा झालास रं."

"तू नाय झालास काय?"

"मूळव्याध झालाय म्हणं तुला?"

"खेडपर्यंत आलं ते?"

"गाडीवरनं आलं. ड्रायव्हर लोकं सांगत होती."

राजाभाऊंनी मान खाली घातली. मग इतक्या दिवसांत जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मूळव्याध नाय रे काशी. गुडघे गेलेत. बसलं की लवकर उठवत नाय. पोरगा बघतो, त्याला भीती वाटते. मला त्याहून जास्त वाटते. विरारला नेऊन बसवतील, नि मग मी तुझ्यासारखा होईन."

दारातल्या संदेशने हे ऐकलं. काशीरामला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने गादीवरून हात सरकवला आणि राजाभाऊंच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दोघं मग बराच वेळ जुन्या गाडीविषयी, तिच्या न लागणाऱ्या तिसऱ्या गिअरविषयी आणि कशेडी घाटात उतरून पळालेल्या एका बकऱ्याविषयी बोलत राहिले.

निघायची वेळ झाली. राजाभाऊंनी एक हात जमिनीवर टेकवला आणि "आई आई गो" केलं. संदेशला सवयच होती. तो धावत आला, मागून बगलेत हात घातले, उचलायला जोर लावला, आणि पाठीत मुक्कामाला आलेली ती कळ खाडकन उठली. "अयाई!" करून तो जो खाली आला तो सरळ काशीरामच्या गादीशेजारी उताणा. पाय हलेनात. मान वळेना.

खोलीत आता तिघेही जमिनीवर होते. हौसा बाजारात गेलेली. बाहेर एक कोंबडी दारातून आत डोकावली, तिघांना बघून तिने काहीतरी ठरवलं आणि परत गेली. काशीराम हसायला लागला तो थांबेना.

"बाबा," संदेश छताकडे बघत म्हणाला, "आता कसं?"

"आता थांब," राजाभाऊ म्हणाले.

ते कुशीवर वळले आणि थांबले. मग दोन्ही हात पुढे टेकवून रांगत्या पोरासारखे हातागुडघ्यांवर आले. पुन्हा थांबले, श्वास घेतला. काशीराम हसायचा थांबला होता. भिंतीशी उभ्या खाटेपर्यंत ते तसेच रांगत गेले, तिची चौकट धरली, एक गुडघा वर घेतला. "आई गो." गुडघा परत खाली गेला. त्यांनी त्याला शिवी दिली आणि पुन्हा वर घेतला. मग पाय, मग कंबर, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी डोकं. वेळ लागला. दिसायला ते काही छान नव्हतं. पण शेवटी राजाभाऊ उभे होते आणि त्यांना कुणी हात लावला नव्हता.

संदेशला हे सगळं जमिनीवरून बघावं लागलं, कारण दुसरं काही करणं त्याला शक्यच नव्हतं. दर वेळी तो पहिल्या "आई गो"लाच धावत यायचा. त्यानंतर पुढे काय होतं, हे त्याने आजवर कधी बघितलंच नव्हतं.

राजाभाऊंनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "हरलो मी," ते म्हणाले. "बसलो. तुझ्या देखत बसलो. चल, ने मला विरारला. ऊठ."

संदेश उठायला गेला आणि ओरडला. काशीराम पुन्हा हसू लागला. संदेशही हसला, हसताना पाठ दुखली म्हणून कळवळला, आणि कळवळता कळवळता त्याचा आवाज वेगळाच झाला.

"बाबा, मी दर वेळी मधेच यायचो, ना?"

"यायचास."

"थांबलो असतो तर उठला असतात?"

"उठलो असतो की. वेळ लागला असता."

संदेशने डोळे मिटून घेतले. "राहा तुम्ही मांडवीला," तो म्हणाला. "मला आधी उठवा. हात द्या ना, बाबा."

राजाभाऊ चटकन पुढे वाकले. पोराच्या बगलेपर्यंत हात गेलेही, आणि तिथेच थांबले. त्यांनी हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत अडकवून ठेवले. आपलं पोर जमिनीवर कण्हतंय आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं, हे किती कठीण असतं ते त्यांना तेव्हा कळलं. संदेश दर वेळी का धावायचा तेही कळलं, आणि इतक्या दिवसांचा त्याच्यावरचा राग उतरून गेला.

"घाई नको," ते म्हणाले. "आधी कुशीवर वळ."

"दुखतंय."

"दुखू दे. वळ नि थांब. श्वास घे."

संदेश वळला. त्याच्या शेजारी गादीवर काशीरामही, कुणी न सांगता, दात आवळून कुशीवर वळला.

"हां," राजाभाऊ म्हणाले. "आता दोघंही हात टेकवा. सावकाश. मी आहे उभा."